‘नाटक करतोय’ असा शेरा येतो तेव्हा: रुग्णालयातल्या समाजसेवकासाठी कामाची पद्धत

दुपारी चार ते सहा ही आमच्या वॉर्डात नातेवाइकांनी भेटायची वेळ. बेड नंबर अकराची बाई सकाळी उठून वेणीफणी करायची, शेजारणीशी गप्पा मारायची, मावशींना ताटं उचलू लागायची. चार वाजता सासरची माणसं दारात दिसली की तिच्या पापण्या जड व्हायच्या, बोलणं नाकातून यायचं आणि मान उशीवर पडायची. सिस्टर मला म्हणाल्या, ‘मॅडम, हिचं नाटक बघायचं असेल तर चारला या.’ मी दोन दिवस चारला गेले, बघितलं आणि फाइलीत लिहून टाकलं: नातेवाईक समोर आल्यावर लक्षणं वाढतात, कौटुंबिक ताण, समुपदेशन सुरू. तेव्हा मला नोकरीत दोन वर्षं झाली होती.

सहाव्या रात्री तिला गिळता येईना, श्वास लागला. निदान निघालं मायस्थेनिया ग्रॅव्हिस. या आजारात स्नायू वापरता वापरता थकत जातात, त्यामुळे माणूस सकाळी ताजातवाना आणि संध्याकाळी गळून गेलेला. तिची मान सासरच्यांना बघून पडत नव्हती, संध्याकाळ होत आली म्हणून पडत होती. भेटीची वेळ सकाळी दहाची असती तर मी काय लिहिलं असतं, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. ती वाचली, हे तिचं नशीब आणि रात्रपाळीच्या डॉक्टरांची मेहनत. माझा त्यात वाटा शून्य.

एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करून नुकतेच रुग्णालयात लागलेले समाजसेवा अधीक्षक, संस्थांचे कार्यकर्ते, कामगार विम्याच्या दवाखान्यात काम करणारे सहकारी यांना कधी ना कधी ‘खोटं आजारपण’ म्हणून एखादी केस दिली जाते. त्यांच्यासाठी, मी आता ज्या क्रमाने काम करते तो क्रम खाली देते आहे. उदाहरणांतले ओळखीचे तपशील बदलले आहेत.

आधी एका शब्दाचे पाच शब्द करा

वॉर्डात ‘नाटक’ या एका शब्दात पाच वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात.

पहिली खरोखरचं सोंग. माणसाला माहीत असतं की आपल्याला काही झालेलं नाही, आणि त्याला बाहेरचं काहीतरी हवं असतं: रजा, दाखला, कोर्टाची पुढची तारीख, गुंगीचं औषध. डॉक्टर याला मालिंगरिंग म्हणतात. रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत याचा क्रमांक झेड ७६.५ आहे, म्हणजे रोगांच्या यादीत नाही तर ‘इतर कारणांनी दवाखान्यात आलेले’ या शेवटच्या गाठोड्यात.

दुसरीतही लक्षणं जाणूनबुजून आणलेली असतात, पण मिळवायचं असतं ते फक्त रुग्णपण. लघवीच्या नमुन्यात बोटाचं रक्त टाकणारा, थर्मामीटर गरम चहात बुडवणारा. याला फॅक्टिशियस डिसऑर्डर म्हणतात. रिचर्ड अॅशर या डॉक्टरांनी १९५१ साली ‘लॅन्सेट’मध्ये याच्या टोकाच्या रूपाला मुंचहाउझेन या थापांसाठी प्रसिद्ध बॅरनचं नाव दिलं. हा मनोविकार आहे. ‘पकडला’ म्हणून टाळ्या वाजवायची ही जागा नाही, मानसोपचार विभागाला बोलवायची आहे.

तिसरी आपल्याकडे रोजची. सासरी परतायच्या आदल्या रात्री दातखीळ बसणं, परीक्षेच्या आठवड्यात पाय लुळे पडणं, भांडणानंतर वाचा जाणं. जुना शब्द हिस्टेरिया, आताचे शब्द डिसोसिएटिव्ह किंवा फंक्शनल. इथे माणूस काहीही मुद्दाम करत नसतो. तिला पाय हलव म्हटलं तर तिला तो खरंच हलवता येत नाही. ‘सोंग घेतलेल्याला जागं करता येत नाही’ ही म्हण जिच्यावर सर्वांत जास्त वापरली जाते, ती बाई बहुधा सोंग घेतच नसते.

चौथी म्हणजे खऱ्या दुखण्याला मीठमसाला. तीनशे माणसांच्या ओपीडीत जो हळू आवाजात ‘थोडं दुखतंय’ म्हणतो त्याला दोन गोळ्या देऊन वाटेला लावतात, हे लोकांनी बघितलेलं असतं. मग ते कण्हत येतात. याला मी खोटेपणा म्हणत नाही, रांगेचं शहाणपण म्हणते.

पाचवी म्हणजे बेड नंबर अकरा: आजार खरा, निदान अजून व्हायचंय. लंडनमध्ये इलियट स्लेटर या मानसोपचारतज्ज्ञांनी १९६५ साली हिस्टेरियाचा शिक्का बसलेल्या रुग्णांचा माग काढला, तर बऱ्याच जणांत पुढे शरीराचा आजार सापडला. त्यांच्या अभ्यासावर नंतर टीकाही झाली. पुढच्या पाहण्यांत चुकीच्या निदानाचं प्रमाण उतरत गेलं आणि १९७० नंतरच्या अभ्यासांत ते सुमारे ४ टक्क्यांवर आलं. म्हणजे तज्ज्ञाने नीट तपासून ‘फंक्शनल’ म्हटलं तर विश्वास ठेवायला हरकत नाही. पण आपल्याकडे तो शिक्का पुष्कळदा तपासणीच्या आधीच, पोर्चमध्ये स्ट्रेचरवर असताना बसतो.

या पाचांपैकी काय आहे हे ठरवणं डॉक्टरांचं काम. आपण त्यातलं एकही निदान लिहायचं नाही.

वॉर्डचा कॉल आला की तीन प्रश्न

कॉल बुकात सहसा एक ओळ असते: ‘फंक्शनल? समुपदेशन करावे.’ लगेच धावू नका. डॉक्टरांना गाठून विचारा: कोणत्या तपासण्या झाल्या? नेमकं काय जुळत नाही? आणि रुग्णाला तुम्ही आतापर्यंत काय सांगितलंय? तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. राउंडला दहा जणांसमोर ‘काही झालेलं नाही तुला’ असं ऐकलेला माणूस तुमच्याशी बोलणार नाही, त्याला वाटतं आता दुसरी साक्ष काढायला ही आली.

‘जुळत नाही’ या शब्दाबद्दलही सावध राहा. पाठदुखीच्या रुग्णाचा पाय झोपलेला असताना उचलला तर तो ओरडतो आणि पलंगावर पाय पसरून आरामात बसतो, हे पाहून बरेच जण निकाल देऊन टाकतात. गॉर्डन वॅडेल या सर्जननी १९८० साली अशा खुणांची यादी केली होती. पुढे त्यांनीच सांगितलं की या खुणा खोटं पकडायचं यंत्र नाहीत. त्या एवढंच सांगतात की या माणसाच्या दुखण्यात मनाचा, परिस्थितीचाही भाग आहे, तिकडे बघा. तिकडे बघणं म्हणजेच आपलं काम.

अमेरिकी मानसोपचाराच्या पुस्तकात सोंगाचा संशय कधी घ्यावा याचे चार मुद्दे दिलेत: कोर्टकचेरीचा संबंध, तक्रार आणि तपासणीत तफावत, सहकार्य न करणं, समाजविरोधी व्यक्तिमत्त्व. पोलिसांनी आणलेला, भेदरलेला, मराठी नीट न येणारा फुटपाथवरचा मजूर घ्या आणि या चार कसोट्या लावा. तीन तरी सहज लागतील. म्हणून मी त्या वापरत नाही.

आणि तपासण्या करायला जाऊ नका. चिमटा काढणं, डोळ्यांवर हात उचलून सोडणं, नाकाशी कांदा किंवा चप्पल धरणं, अमोनिया हुंगवणं: यातलं पहिलं-दुसरं करणारे शिकलेले लोकही मी पाहिलेत. फिट खरी की डिसोसिएटिव्ह हे मेंदूविकारतज्ज्ञांनाही कधी कधी व्हिडिओ ईईजीशिवाय (चित्रीकरण चालू असताना मेंदूच्या लहरींची नोंद) सांगता येत नाही, आणि एकाच माणसाला दोन्ही प्रकार असू शकतात. आपल्याला एक उपयोगाची गोष्ट करता येते. घरच्यांना सांगा, पुढच्या वेळी आरडाओरडा न करता मोबाइलवर व्हिडिओ घ्या, डोळे उघडे की मिटलेले ते दिसू द्या, घड्याळ बघा. डॉक्टरांना दहा मिनिटांच्या वर्णनापेक्षा तो एका मिनिटाचा व्हिडिओ जास्त सांगतो.

पहिली भेट

मराठवाड्यातल्या एका जिल्हा रुग्णालयातली गोष्ट. दसरा होऊन चार दिवस झाले होते. ऑर्थोच्या वॉर्डात पस्तीस-चाळिशीचा एक माणूस, त्याला आपण किसन म्हणू. पाठ धरली, पाय बधिर. एक्स-रे ठीक. पाठीच्या बाकीच्या तपासणीतही काही नाही. डॉक्टर वैतागलेले, बेड अडलेला.

मी स्टूल ओढून बसले. उभ्याने कधीही बोलू नका; उभा माणूस तपासायला आलेला वाटतो. आजारापासून सुरुवात केली, कारण तोच त्याने पुढे केलेला विषय होता.

‘किती दिवस झाले, भाऊ?’

‘दसऱ्यापासनं.’

‘त्याच्या आधी कधी?’

‘आधी कुठं. टॅक्टर यायचा हुता त्याच सकाळी उठाय यीना.’

तारीख मिळाली. आता ‘मग ट्रॅक्टर येणार म्हणूनच पाठ दुखली का?’ असं विचारायची हौस गिळा. मी उलट विचारलं, झोप लागते का, जेवण जातं का, लघवीला काही त्रास आहे का. मग माझा नेहमीचा प्रश्न: ‘समजा उद्या सकाळी एकदम बरं वाटलं. तर उद्या दिवसभर काय कराल?’

या प्रश्नाला खरा रुग्ण बहुतेक वेळा लगेच उत्तर देतो. शेतावर जाईन, दुकान उघडीन, लेकीकडे जाईन. ज्याला बरं होणं परवडणार नाही तो थांबतो. किसन थांबला. खिडकीकडे बघत म्हणाला, ‘बरं वाटून काय करू ताई. मुकादम खाली पायरीवर बसलाय.’

मी काही बोलले नाही. ही शांतता सोसायला शिकावं लागतं, मला पाच वर्षं लागली.

‘घरी कोण असतं?’

‘मंडळी हाय. पोरं हायत. तिलाच तर…’ आणि गप्प.

पुढचा अर्धा तास तो तिच्याबद्दल बोलला. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. या कोयत्यावर मुकादमाकडून उचल घेतली होती ८०,००० रुपये, थोरलीच्या लग्नाला. बायकोला वीस-वीस दिवस अंगावरून जात होतं. तालुक्याच्या खासगी डॉक्टरने ‘पिशवी काढून टाका’ म्हणून सांगितलं होतं. ती बत्तिशीची. भावकीतल्या दोघींची पिशवी काढलेली, दोघी कंबर धरून बसलेल्या, म्हणून ती घाबरून आली होती. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं काम तिला जमणार नव्हतं, आणि मुकादम म्हणाला होता, बायांचं हे चालूच असतंय.

‘माझी पाठ ग्येली म्हनलं तर कोयता मोडतो ताई,’ किसन म्हणाला. ‘तिचं दुखतंय म्हनलं तर मोडत न्हाई.’

त्या एका वाक्याने केस उलटी झाली. पलंगावर होता तो आजारी नव्हता. आजारी होती ती घरी भाकरी थापत होती. तिच्या दुखण्याला बाजारात किंमत नव्हती म्हणून त्याने स्वतःचं दुखणं उभं केलं होतं. आणि तिची भीतीही हवेतली नव्हती. २०१९ साली राज्य सरकारने नेमलेल्या समितीपुढे बीड जिल्ह्याची पाहणी आली तेव्हा ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली होती.

आपल्याकडे म्हणतात, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. मी ही म्हण माझ्या टेबलापाशी उलटी वाचते. पैशाचं सोंग आणता येत नाही म्हणून माणसं आजाराचं आणतात. आजार खोटा असला तरी ज्यासाठी तो आणला ती नड तपासून बघा, ती फार क्वचित खोटी निघते.

दोन रकाने

भेट झाल्यावर लगेच, विसरायच्या आत, एका कागदावर दोन रकाने आखा. आजारी राहिल्याने काय मिळतं, आणि आजारी राहिल्याने काय जातं. दुसरा रकाना बहुतेक जण आखतच नाहीत. रोजी जाते, शेजारपाजारी नाव होतं, मुलांची शाळा बुडते, नवरा दुसरं लग्न करायची धमकी देतो. जाणारं मिळणाऱ्यापेक्षा पुष्कळ जास्त असेल तर ‘फायद्यासाठी करतेय’ हे गणित कच्चं आहे, पुन्हा डॉक्टरांकडे जा.

मिळणाऱ्याच्या रकान्यात कधी कधी इतकं साधं उत्तर येतं की आपणच ओशाळतो. एका आजोबांच्या छातीत दर शुक्रवारी दुखायचं. शनिवार-रविवार सून माहेरी जायची आणि मुलगा रात्री ढाब्यावर. वॉर्डात दोन वेळ गरम जेवण होतं.

आणि फायदा नेहमी रुग्णाचाच असतो असं नाही. मुलीला फिट येतात म्हणून लग्न मोडावं असं मुलीला वाटत असेल, पण सासूला ‘खोड असलेली सून दिली’ म्हणून माहेराकडून पैसे उकळायचे असतील. कागदावर ‘कोणाला मिळतं’ हेही लिहा.

गृहभेट

गृहभेट ही धाड नाही. आधी सांगून, रुग्णाची परवानगी घेऊन जा. न सांगता जाऊन ‘अंगणात पाणी भरताना पकडली’ असं सांगणारे सहकारी आहेत. पाणी भरायला माणूस नसेल तर मणका सरकलेली बाईसुद्धा हंडा उचलते, आणि रात्रभर विव्हळते. ती रात्र तुम्ही बघितलेली नसते. शेजाऱ्यांकडे चौकशी करू नका. तुम्ही कुठल्या दवाखान्यातून आलात एवढं कळलं तरी वाडीभर चर्चा होते.

घरात बघायचं ते वेगळं. चूल किती जणांची आणि डबे किती भरलेले. औषधांची पिशवी कुठे टांगली आहे, आणि त्यात किती दवाखान्यांच्या चिठ्ठ्या आहेत. झोपायला जागा कोणाला आहे. दार आतून लागतं का: छळाच्या केसमध्ये हा प्रश्न मी न विचारता डोळ्यांनी बघून घेते.

आपल्या पेशाचा जन्मच एका संशयातून झालाय, हे मला या कामात फार उपयोगी पडतं. १८९५ साली लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलने मेरी स्टुअर्ट यांना नेमलं ते ऐपत असून फुकट उपचार घेणारे लबाड शोधायला. कोपऱ्यात एक टेबल, आणि सुरुवातीला तीन महिन्यांचीच नेमणूक. त्यांच्या टेबलापुढे लबाडांपेक्षा नडलेले लोक जास्त आले, आणि काम पकडण्याकडून मदतीकडे वळलं. आपल्याकडे १९४६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात पहिली वैद्यकीय समाजसेवक नेमली गेली तोवर हा पेशा बराच बदलला होता. तरी वॉर्डातून आजही आपल्याला बोलावणं येतं ते बहुधा त्या पहिल्याच कामासाठी.

डॉक्टर, सिस्टर आणि तुम्ही: एकच बोली

एका डॉक्टरने ‘काही नाही’ म्हणायचं, दुसऱ्याने सलाईन लावायचं, सिस्टरने तोंड फिरवायचं आणि तुम्ही डोक्यावरून हात फिरवायचा, असं झालं की रुग्ण ज्याच्याकडून मिळतं त्याच्याकडे सरकतो आणि लक्षणं महिनाभर लांबतात. अर्धा तास सगळ्यांनी बसून ठरवा: काय सांगायचं, कोण सांगणार, कोणती तपासणी आता पुन्हा करायची नाही, घरी कधी सोडायचं. ‘समाधानासाठी’ लावलेल्या सलाईनला मी विरोध करते. त्याने आजार आहे हे सिद्ध होतं आणि बाटली संपली की दुसरी मागितली जाते.

उतरायला शिडी द्या

माणूस खोटं बोलून माडीवर चढलेला असतो. शिडी काढून घेऊन ‘उतर खाली’ म्हटलं तर तो उडी मारत नाही, तिथेच बसतो किंवा आणखी वर चढतो. ‘आम्हाला सगळं कळलंय’ हे वाक्य म्हणजे शिडी काढणं. त्यानंतर माणूस डामा (डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज) घेऊन निघून जातो, दुसऱ्या दवाखान्यात नवं नाव सांगून केसपेपर काढतो, आणि कधी कधी खरंच असल्याचं दाखवायला स्वतःला इजा करून घेतो.

शिडी देणं म्हणजे खोट्यात सामील होणं नव्हे. खरं तेवढंच सांगा, पण ज्याच्या आधाराने उतरता येईल असं खरं सांगा. ‘मणक्याला धोका नाही, ही चांगली बातमी आहे. अशी पाठ व्यायामाने आठ-दहा दिवसांत सैल होते. फिजिओथेरपी उद्यापासून.’ यात एकही शब्द खोटा नाही आणि त्याला बायको-पोरांसमोर मान खाली न घालता बरं होता येतं. फंक्शनल लक्षणांच्या रुग्णांना तर हे आणखी मोकळेपणाने सांगता येतं. १९०८ साली चार्ल्स हूव्हर यांनी दाखवलेली एक खूण आहे: एक पाय मुद्दाम खाली दाबता येत नाही, पण दुसरा पाय उचलायला लावला की तोच पाय आपोआप जोराने दाबला जातो. काही डॉक्टर ही खूण रुग्णालाच दाखवतात, ‘बघा, ताकद शाबूत आहे, फक्त हुकूम पोचत नाहीये.’ चोरी पकडायची तीच खूण अशी वापरली की आशा होते. कशी वापरायची हे खोलीतल्या माणसाच्या सुरावर आहे.

जे हवंय ते सरळ मागता येतं का

आता कागदावरच्या पहिल्या रकान्याकडे परत या आणि एकेका गोष्टीपुढे लिहा: याला आजाराशिवाय दुसरं दार आहे का?

किसनच्या बाबतीत पहिलं दार म्हणजे बायकोलाच दवाखान्यात आणणं. हिमोग्लोबिन साडेसहा निघालं. ती दाखल झाली, रक्त चढलं, गोळ्यांवर अंगावरून जाणं थांबलं, पिशवी काढायची गरज पडली नाही. दुसरं दार उचलीचं. आगाऊ पैसे देऊन माणसाला मनाविरुद्ध कामाला जुंपणं हे वेठबिगारीत बसू शकतं. १९७६ च्या कायद्याने ते बंद आहे आणि दाद जिल्हाधिकारी किंवा तहसीलदारांकडे मागायची असते. मोफत वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, फोन १५१००. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, औद्योगिक कामगार, अपंग आणि कोठडीतले लोक यांना तिथे उत्पन्नाची अट नाही. प्रत्यक्षात काय झालं? किसनला तक्रार करायची नव्हती, मुकादम भावकीतला. प्राधिकरणाच्या वकिलांसमोर बसून तडजोड झाली: या हंगामाला तो पुतण्याबरोबर जाईल, बायको जाणार नाही, उरलेली रक्कम पुढच्या वर्षी. मला हा शेवट आवडला नाही. पण निर्णय त्याचा होता.

इतर नडींची दारं साधारण अशी. उपचाराच्या खर्चाला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) भेटवा. धर्मादाय रुग्णालयात १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बलांना सवलतीत. कामगार विम्यात आजारपणाची भरपाई रोजाच्या ७० टक्के, वर्षाला ९१ दिवस. कित्येकांना हे माहीतच नसतं आणि ते अपघाताचा बनाव रचतात. घरात मारहाण असेल तर महिला हेल्पलाइन १८१ आणि संरक्षण अधिकारी. मनाचं ओझं असेल तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६. संजय गांधी निराधार योजनेला सर्वसाधारण अर्जदारासाठी उत्पन्नाची अट वर्षाला २१,००० रुपये, म्हणजे महिन्याला १,७५०. या आकड्यात खरं बोलून बसणारं कुटुंब मला दाखवा. सरकारच एका कागदावर खोटं लिहायला लावतं आणि मग दुसऱ्या कागदावरच्या खोट्याबद्दल आपण नाक मुरडतो.

नाही म्हणायची वेळ

काही सोंगांमागे नड नसते, लोभ असतो. बदलीच्या हंगामात शिक्षकांच्या विशेष संवर्गात बसण्यासाठी येणारे दाखले, एजंटाने पढवून आणलेला बहिरेपणा, ट्रॅमाडॉल या गुंगी आणणाऱ्या वेदनाशामकासाठी दर आठवड्याला येणारी किडनी स्टोनची कळ. इथे मऊ राहून चालत नाही, कारण यात दुसऱ्याच्या ताटातला घास जातो. दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या कलम ९१ प्रमाणे लक्षणीय अपंगत्वासाठीच्या सवलती लबाडीने घेतल्या किंवा घ्यायचा प्रयत्न केला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. हे मी धमकी म्हणून नाही, माहिती म्हणून आधीच सांगते: ‘अर्ज करायच्या आधी हे वाचा.’ बरेच अर्ज तिथेच परत जातात. नगरसेवकाचं पत्र आलं तर ते फाइलीला लावा, बस्स. तुमची शिफारस तुम्ही पाहिलं त्यावरच.

गुंगीच्या औषधाच्या मागणीतही माणसाला हाकलून देऊ नका. औषध नाही, पण व्यसनमुक्तीचा केसपेपर आज काढून देते, असं म्हणा. पोलीस कोठडीतून आलेल्यांच्या बाबतीत संशय कितीही असो, तपासणी पूर्ण झाल्याशिवाय परत पाठवू देऊ नका. तिथे चुकीची किंमत माणसाचा जीव असते.

आणि मालक, मुकादम, सासरा, विमा कंपनीचा माणूस, कोणीही फोन करून ‘खरंच आजारी आहे का हो?’ विचारलं तर एकच उत्तर: रुग्णाच्या लेखी परवानगीशिवाय माहिती देता येत नाही. ‘नाही’ही नाही आणि ‘हो’ही नाही.

कोणी ‘मरून जाईन’ म्हणालं तर ते दाखवण्यासाठी म्हणतोय की खरंच, याचा अंदाज बांधू नका. त्याच दिवशी मानसोपचार विभाग, माणूस एकटा नाही हे बघणं. मानसिक आरोग्य कायदा २०१७ चं कलम ११५ आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असंच धरून चालतं. आपणही तसंच धरायचं.

मूल आजारी नसतं, केलं जातं

इथे वरची सगळी पद्धत बाजूला ठेवा. मूल वारंवार दाखल होतं, वॉर्डात आईपासून दूर ठेवलं की ठीक असतं, घरी गेलं की पुन्हा उलट्या, झटके, विचित्र रक्ततपासण्या. आई फार प्रेमळ, औषधांची नावं तोंडपाठ, सिस्टरांची मैत्रीण. रॉय मेडो या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञांनी १९७७ साली या प्रकाराचं वर्णन केलं. दुर्मीळ आहे, आणि पुढे इंग्लंडात त्यांच्याच साक्षीमुळे निरपराध आयांना शिक्षा झाल्या, त्या वरच्या न्यायालयात फिरल्या. म्हणून दोन्ही बाजूंनी सावध. संशय आला तर पालकांना जाब विचारू नका, शिडीही देऊ नका. बालरोगतज्ज्ञ आणि विभागप्रमुखांना लेखी कळवा, मूल दाखल झालं त्या प्रत्येक वेळेचा तारीखवार तक्ता करा, मूल दाखल असतानाच बालकल्याण समितीला कळवा. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ चोवीस तास आहे.

केसपेपरात काय लिहायचं

डोळ्यांनी पाहिलं ते, घड्याळासकट. माणूस बोलला ते, त्याच्या शब्दांत. त्याचा अर्थ लावला असेल तर तो वेगळ्या ओळीत, ‘असं वाटतं’ म्हणून. ढोंग, नाटक, नखरे, लक्ष वेधण्यासाठी, हे शब्द माझ्या फाइलीत आता नसतात. ‘दुपारी ४.१०: दोन्ही पापण्या खाली, आवाज नाकातून, मान सावरता येत नाही. सकाळी ९ ला हे नव्हतं.’ मी तेव्हा एवढंच लिहिलं असतं तर कोणीतरी त्या दोन वेळांकडे बघितलं असतं.

किसनच्या कागदावर मी लिहिलं होतं: ‘पाठदुखी दसऱ्याच्या सकाळपासून. कामाच्या हंगामाची आणि पत्नीच्या आजाराची काळजी व्यक्त केली. पत्नीला स्त्रीरोग विभागात दाखवले. फिजिओथेरपीनंतर चालणं सुधारलं. पाठपुरावा: फोनवर, महिन्याने.’

फाल्गुनात त्याचाच फोन आला, कारखान्याच्या अड्ड्यावरून. मोळी घेऊन फळीवरून घसरला होता. पाय बधिर होता, आणि या वेळी लघवीही कळत नव्हती. ‘ताई, आता खरंच दुखतंय,’ तो म्हणाला. ‘पन तितं कोन मानंल का?’

लघवीचं ऐकल्यावर मी त्याला बोलूच दिलं नाही. म्हटलं, १०८ ला फोन कर, आत्ता, आणि गाडीत बसल्यावर मला कळव. जुना केसपेपर मी काढून ठेवते. त्यात तुझ्याविरुद्ध एक शब्दही नाही.